दर्याला ताप आलाय: एका दशावतारी मंडळाने समुद्राचं नाटक कसं उभं केलं

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गातलं एक दशावतारी नाट्य मंडळ आहे. आता तिसरी पिढी ते चालवते. मंडळाचं, गावाचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही. मालकांनी लिहायला होकार दिला तेव्हा त्यांची तेवढी एकच अट होती. २०२२ च्या पावसाळ्यापासून २०२३ च्या वैशाखापर्यंत मी त्यांच्याबरोबर होतो. काम होतं नवं कथानक जुळवायला मदत करण्याचं.

घाटावरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मंडळ रोज वेगळ्या गावी असतं. रात्री आधी आड दशावतार होतो. त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव येतात आणि मग येतो काळ्या कपड्यांतला, वेद चोरणारा, मालवणीत बोलणारा संकासुर. त्याला कुणाचीही खोड काढायची मुभा असते. त्यानंतर आख्यान, म्हणजे रात्रीची मुख्य कथा. रंगमंचावर सामान म्हणाल तर एक बाकडं. साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज. लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी कथा सांगितली जाते, भूमिका वाटल्या जातात आणि संवाद ज्याचे त्याने उभे करायचे. पहाटे दहीहंडी फुटते, म्हणून या खेळालाच इथे 'धयकालो' म्हणतात.

हा सगळा धंदा उघड्यावरचा, आकाशाच्या भरवशावरचा. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा मंडळातल्या दोन नटांच्या घरांची कौलं उडाली. माड किती पडले ते त्यांनी मोजायचंच सोडून दिलं. टाळेबंदीमुळे आधीचा हंगाम बुडालेलाच होता. त्याच वर्षी १ डिसेंबरला, जत्रांच्या ऐन दिवसांत, अवकाळी पावसाने झोडपलं. टेम्पोतले पेटारे भिजले. मुकुटांचा सोनेरी वर्ख सुटून मालकांच्या हाताला लागला होता, ते हात त्यांनी मला वर्षभराने बोलता बोलता पुन्हा उघडून दाखवले, जणू वर्ख अजून तिथेच होता. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' ही इथली जुनी म्हण. आता रात्रीचं राजेपणही पावसाच्या मर्जीवर आलं होतं.

अडचण

मंडळाचं मूळ गाव किनाऱ्यावर आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे वाळूची पट्टी. उधाणाच्या भरतीला पाणी घरांच्या मागीलदारी येऊ लागलं होतं. एका वाड्यातली विहीर मचूळ झाली होती. गावकऱ्यांची मागणी साधी होती, धूपप्रतिबंधक बंधारा.

अशा वेळी बाहेरच्या एका संस्थेने मालकांना गाठलं. हवामानबदलावर जनजागृतीचे वीस प्रयोग करा, बिदागी रोख, असा प्रस्ताव होता. सोबत तयार संहिता होती आणि शेवटी म्हणायचे दहा संदेश होते. प्लास्टिक टाळा, झाडं लावा, दिवे बंद करा वगैरे. हंगाम बुडालेल्या मंडळाला पैशाची गरज होती. तरीही मालक अडखळले. ते मला म्हणाले, "मास्तर, ज्येचा घर गेला तेका मी दिवो बंद कर म्हणान कसो सांगू?"

हे सगळं प्रकरण मला त्या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतं. जगभरातल्या धुरात या वाडीतल्या माणसांचा वाटा किती? कौलारू घर, एखादी दुचाकी, छोटी होडी. नुकसान मात्र पहिलं त्यांचं. कलावंत हवामानावर काही करायला जातो आणि नकळत सोसणाऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. असं होताना मी बऱ्याच चांगल्या हेतूच्या पथनाट्यांत पाहिलं आहे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय संस्थेचा. पैसे नक्की, काम कमी. पण पाठ केलेले संवाद दशावतारी नटाच्या तोंडी लाकडी होतात. हे मला नंतर माझ्याच चुकीतून कळलं.

दुसरा मुंबईत राहणाऱ्या, गावच्याच एका चित्रकाराने सुचवला. ओहोटीच्या वेळी, जिथे पूर्वी घरं आणि माड होते तिथे बांबू रोवायचे. भरतीला ते पाण्यात उभे दिसतील. ओलाफुर एलियासन यांनी २०१५ मध्ये पॅरिसच्या हवामान परिषदेच्या वेळी ग्रीनलंडचे बर्फाचे १२ ठोकळे चौकात घड्याळासारखे मांडून वितळू दिले होते, त्याचा दाखला त्याने दिला. कल्पना मला फार आवडली. पण ग्रीनलंड न पाहिलेल्या शहराला तिथला बर्फ दाखवणं वेगळं आणि ज्याचं न्हाणीघर समुद्रात गेलं त्याला त्याच जागी बांबू दाखवणं वेगळं. मालकांच्या आईने एका वाक्यात निकाल लावला, "आमका म्हायत आसा खंय काय होता ता."

तिसरा पर्याय होता संकासुराच्या प्रवेशात चार वाक्यं घालण्याचा. खर्च शून्य, धोकाही वरवर कमी.

चौथा सगळ्यात अवघड. पूर्ण नवं आख्यान, तेही दशावताराच्याच चौकटीत. कोकणात ही कथा शोधायला लांब जावं लागत नाही. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि ही भूमी मिळवली, हे इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. आता समुद्र परत येतोय. मग त्या दोघांची पुन्हा गाठ पडली तर?

मालकांनी चौथा निवडला आणि संस्थेला नम्रपणे नकार दिला. पैशाची सोय म्हणून नेहमीची पौराणिक नाटकं हंगामभर चालू ठेवायची आणि नवं नाटक फक्त मागेल त्या गावात करायचं, असं ठरलं. हा निर्णय धाडसाचा होता, पण मला त्यातला सावधपणा जास्त मोलाचा वाटतो. मंडळाचं पोट या एका नाटकावर टांगलेलं नव्हतं, म्हणूनच ते पुढे बदलत राहू शकलं.

कथानक कुठे अडलं आणि कसं सुटलं

मी आधी चाळीस पानं लिहून नेली. वाचन झालं. राजापार्ट करणारे ज्येष्ठ नट शांतपणे ऐकत होते. तालमीत ते माझे संवाद बोलू लागले आणि त्यांचा आवाजच बसल्यासारखा झाला. पायपेटीवर बसणाऱ्या, गाणाऱ्या बुवांनी पेटीवरचा हात काढला. त्या रात्री पानं बाजूला ठेवली आणि फक्त प्रवेशांचा क्रम कागदाच्या एका पाठीवर उरला.

त्याहून मोठी अडचण समुद्राच्या पात्राची होती. समुद्र खलनायक केला, तर परशुराम बाण काढणार, टाळ्या पडणार आणि लोक घरी जाणार. म्हणजे बंधारा घातला की प्रश्न मिटला. समुद्र न्यायाधीश केला, 'तुम्ही पाप केलंत म्हणून मी आलो' असं त्याच्या तोंडी घातलं, तर समोर बसलेली बाई विचारणार, "आमचा घर गेला, ता काय आमच्या पापान?" दोन्ही वाटा खोट्या होत्या. आठवडाभर आम्ही इथेच अडून राहिलो.

सुटका अनपेक्षित ठिकाणी झाली. आम्ही वाडीत घरोघर बसत होतो. मासे सुकवणारी एक आजी माशांवरच्या माश्या हाकता हाकता म्हणाली, "दर्याक ताप इलो हा. हात घातलास तर समाजता."

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. समुद्र आजारी आहे! त्याच्या अंगात ताप आहे, म्हणून तो सुजलाय, म्हणून तो तोल जाऊन काठावर पडतोय. विज्ञानही हेच सांगतं. पाणी तापलं की फुगतं, त्यात वितळलेल्या बर्फाची भर पडते आणि तापलेला समुद्र वादळांना बळ देतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासात १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढलेली आढळली. आजीने अभ्यास वाचला नव्हता, पण हात पाण्यात घातला होता.

तिथून नाटक धावू लागलं. समुद्र परशुरामाकडे भांडायला येत नाही, औषध विचारायला येतो. परशुराम धनुष्य उचलतो आणि खाली ठेवतो, कारण आजाऱ्यावर बाण कसा मारणार? मग ताप दिला कोणी याचा शोध. इथे समुद्रमंथन उपयोगी पडलं. घुसळून चौदा रत्नं घेऊन गेले ते वेगळे आणि काठावर बसून हलाहलाची वाफ सोसणारे वेगळे. लांबच्या कारखान्यांचं नाव घ्यावं लागलं नाही, लोकांना बरोबर कळलं.

एक वीत

जगभरच्या समुद्राची पातळी १९०१ ते २०१८ या काळात सरासरी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. हा आकडा नाटकात कसा आणायचा? समुद्राचं काम करणाऱ्या नटाने ऐकून आपला पंजा ताणला आणि म्हणाला, "म्हणजे एक वीत." वामनाने तीन पावलं मागितली होती, आमचा समुद्र म्हणाला, "मी वीतभरच वर आलंय, रागावतास कित्याक?"

वीतभर म्हणजे काहीच नाही, असं कोणालाही वाटेल. पण सपाट पुळणीचं, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याचं गणित निराळं असतं. पन्नास विती चाललं की एक वीत उतार, अशी जागा असेल तर पाणी एक वीत चढताच समुद्र पन्नास विती आत येतो. दहा मीटर. तिथे कुणाची न्हाणी असते, कुणाची विहीर, कुणाची होडी ठेवायची जागा.

हे दाखवायला एक जुनं निळं लुगडं घेतलं. दोन पोरं ते रंगमंचाच्या कडेला जमिनीपासून वीतभर उंचीवर ताणून धरत. नाटक चालू असताना, कुणी काही न बोलता, ती पोरं पावलापावलाने आत सरकत. नटांना येता-जाता ते ओलांडावं लागे. राजाला शेला सावरत पाय उचलावा लागे. स्त्रीपार्ट करणारा नट निऱ्या वर धरून पलीकडे जाई. शेवटच्या प्रवेशापर्यंत लुगडं बाकड्याला टेकलेलं असे. पहिल्या प्रयोगात प्रेक्षकांच्या हे लक्षात यायला तासभर लागला. मग मागून एक पोरगा ओरडला, "मालकांनू, बाकडो उचला!" त्यानंतर मंडपात जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही.

साक्षीदार म्हणून मर्यादवेल होती. पुळणीवर जांभळी फुलं येणारी, वाळू धरून ठेवणारी वेल. तिच्या नावातच मर्यादा आहे. परशुराम आणि समुद्राचा जुना करार तिच्यासमोर झाला, असं आम्ही मांडलं. समुद्र विचारतो, "माझी मर्यादवेल खंय गेली?" खरी वेल बुवांनी सकाळी किनाऱ्यावरून आणली होती. पूर्वी जिथे पाय अडकायचे तिथे ती शोधावी लागली.

निर्णयाचे तीन कठीण क्षण

पहिला क्षण ट्रिकसीनचा. ट्रिकसीन म्हणजे रंगमंचावरची चमत्कृतीची दृश्यं. हल्ली ट्रिकसीनचं नाटक म्हटलं की गर्दी होते, आणि मंडळातल्या तरुणांना तौक्तेची लाट हवी होती. धूर, निळे दिवे, थर्माकोलची आठ फुटी लाट. मालकांनी एका प्रयोगाला होकार दिला. टाळ्या प्रचंड पडल्या. पुढच्या रांगेतली एक बाई मात्र पदर तोंडाला लावून उठली आणि निघून गेली. तिच्या घरात तौक्तेचं पाणी शिरलं होतं. तरुण मुलांनीच त्या रात्री ठरवलं की लाट पुन्हा काढायची नाही. थर्माकोल वापरून हे नाटक करणं बरोबर नव्हतं, हेही त्यांच्याच लक्षात आलं.

दुसरा क्षण संकासुराचा. एका जत्रेत तो उत्स्फूर्तपणे म्हणाला, "वेद चोरलंय म्हणान माका मारूक धावतास आणि रेती चोरतत तेंका शाल-श्रीफळ!" मंडप हसून लोटपोट झाला. त्या मंडपाचा खर्च उचलणाऱ्यांपैकी एक जण रेतीच्या धंद्यातला होता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचं ठरलेलं नाटक रद्द झाल्याचा फोन आला. मालकांपुढे पेच पडला. त्यांनी संकासुराला थांबवलं नाही, पण पुढच्या दोन गावांत ते वाक्य टाळायला सांगितलं.

यावर आमच्यात मतभेद होते आणि अजून आहेत. मला वाटतं, वाक्य ठेवायला हवं होतं. खाडीतली वाळू उपसली की पट्टीला मिळणारी भर कमी होते, हे गावाच्या हातातलं कारण आहे. समुद्र तापला हे हातातलं नाही. नाटकाने दोन्ही वेगवेगळं दाखवलं असतं तर लोकांना 'इथे आपण काय करू शकतो' याची वाट दिसली असती. मालकांचं म्हणणं, त्यांच्यावर चौदा माणसांची चूल आहे. हा मुद्दा मी खोडू शकत नाही.

तिसरा क्षण शेवटाचा. घोषणा नको होत्या. बुवांनी सुचवलं, गाऱ्हाणं घालूया. कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात आणि प्रत्येक मागण्यावर जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. यापेक्षा चांगला शेवट मला सुचला नसता. पण देवस्थानच्या मानकऱ्यांनी हरकत घेतली. गाऱ्हाणं घालायचा अधिकार ज्याचा त्याचा असतो, ते नटाने रंगमंचावर करायचं नसतं. त्यांना परशुरामाचीही काळजी होती, "परशुरामाक हरवतलास काय?"

मालक तिथे वाद घालू शकले असते. त्यांनी पूर्ण कथा मानकऱ्यांना त्यांच्या ओसरीवर बसून सांगितली. धनुष्य खाली ठेवण्याचा प्रवेश ऐकून म्हातारे मानकरी गप्प झाले. मग म्हणाले, नाटकात गाऱ्हाणं नको, पहाटे हंडी फुटण्याआधी ते स्वतः घालतील. आणि त्यांनी घातलं. "ज्येंनी दर्याक ताप दिलो, तेंका जाब इचारूची ताकद आमच्या पोरांका दी रे म्हाराजा!" चारशे-पाचशे माणसं एका आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!" हे फक्त एकाच गावात घडलं. दुसरीकडे आम्ही ते मागितलंही नाही.

निष्पत्ती

समुद्राची पातळी नाटकाने उतरत नाही आणि बंधाऱ्याची मागणीही कमी झाली नाही. ती व्हावी असं मला वाटतही नव्हतं. ज्याच्या मागीलदारी पाणी आहे त्याला दगड हवेतच. मात्र एका गावच्या ग्रामसभेत प्रथमच कुणीतरी विचारलं की आपल्याकडे बंधारा संपेल त्याच्या पुढच्या वाडीचं काय. दगडी बंधाऱ्याच्या टोकाशी धूप वाढते हे मच्छीमारांना आधीपासून ठाऊक होतं. ते बोलून दाखवायला जागा मिळाली.

वाडीतल्या काही मुलांनी दर अमावस्या-पौर्णिमेला भरतीची रेघ विजेच्या एका खांबावर खडूने, नंतर रंगाने मारायला सुरुवात केली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मोजमाप वितीत आहे.

मंडळाला पैशाच्या हिशेबात तोटा झाला नाही, नफाही झाला नाही. एक ठरलेलं नाटक गेलं. पुढच्या हंगामासाठी दोन गावांनी स्वतःच्या वर्गणीतून हेच नाटक मागितलं.

आज पुन्हा करायचं झालं तर

संहितेत पावसाळ्याचा पहिला महिना घालवणार नाही. पहिल्या दिवसापासून घरोघर बसेन. कथा तिथेच होती.

बायकांना आधी विचारेन. विहीर मचूळ झाल्याचा, माशांची वाळवण अवकाळी पावसात सडल्याचा भार त्यांच्यावर आहे. नाटकात पुरुष स्त्रीपार्ट करतात, ती परंपरा आहे. पण कथानकाच्या बैठकीत बाई नसावी असं कुठलीही परंपरा सांगत नाही. आजीचं एक वाक्य आम्हाला योगायोगाने मिळालं.

सगळ्यात मोठी उणीव नाटकानंतरची. पहाटे हंडी फुटली की लोक पांगतात, मंडळ पेटारे भरून पुढच्या गावाला निघतं. मनात जे उठलं ते बोलायला कुणी उरत नाही. एका ठिकाणी चहाच्या टपरीवर सात-आठ मच्छीमार थांबले आणि त्यांनी तासभर आम्हाला खाडीचं तोंड कसकसं सरकत गेलं ते टेबलावर ओल्या बोटाने काढून दाखवलं. तो नकाशा ऊन चढल्यावर वाळून गेला. आमच्यापैकी कुणीही कागद काढला नाही. यंदा तो चित्रकार मुंबईहून येणार आहे, बांबूंऐवजी मोठा कोरा कापडी पडदा घेऊन. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो शाळेच्या पडवीत पसरायचा आणि लोकांनी त्यावर जुना किनारा काढायचा, असं ठरलं आहे. मंडळाचा मुक्काम त्यासाठी एक दिवसाने वाढवावा लागेल. त्या दिवसाची बिदागी कुठून आणायची, यावर मालकांची आणि माझी बोलणी अजून चालू आहेत.